पिठातलं पाऊल

१

तेरावं झालं. भाड्याने आणलेली भांडी परत गेली, अंगणातली ताडपत्री उतरली आणि पाहुणे आपापल्या गावी पांगले. मग आप्पा दर्शनाच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

इतके दिवस ते याच घटकेची वाट बघत होते. दर्शनाच्या घशात गाठ होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हाच हेही सांगितलं की जीव वाचला तरी आवाज राहणार नाही. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग बोलायचं ते आताच बोलून ठेवते." त्यासाठी मुलाने, समर्थने, मुंबईहून नवा कॉम्प्युटर पाठवला. रोज दुपारी ती माईक लावून, दाराला कडी घालून बोलत बसायची. एकदा आप्पांनी दाराशी कान दिला, तर आतून घोगरा आवाज आला, "पोलिसात होतात म्हणून घरातही पाळत ठेवता काय?"

"मला कधी ऐकवणार मग?"

"मी गेल्यावर. समोर आहे तोवर समोरच ऐका. जित्या बायकोचा आवाज पेटीतून कशाला हवा तुम्हाला?"

ऑपरेशन झालं. आवाज गेला, आणि त्याच्या मागोमाग तीही गेली.

आप्पांनी बटण दाबलं आणि चष्म्यासाठी खिशात हात घातला. चष्मा नाकावर बसायच्या आत पडदा उजळून समोर तयार होता. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते उमगेना. मग लक्षात आलं. दर्शनाने पडद्यावर धाकट्या लेकीच्या, तेजूच्या लग्नातला फोटो लावला होता, तो नव्हता. त्या जागी कंपनीचं कोरं निळं चित्र होतं.

'आवाज' नावाचा फोल्डर दर्शनानेच त्यांना दाखवून ठेवला होता. त्यांनी तो उघडला. त्यात एकच रेकॉर्डिंग होतं. ते त्यांनी लावलं.

"ऐकू येतंय का? ऋत्विक, हे चालू आहे का रे? लाल दिसतंय, पण..."

खरखर झाली आणि आवाज थांबला. आप्पांनी ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग बाकीचे फोल्डर उघडले, कचऱ्याचा डबाही उघडून बघितला. कुठेच काही नव्हतं.

आप्पा, म्हणजे हरिश्चंद्र शिवलकर, पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. सोन्याच्या चोऱ्या, जाळ्यांच्या चोऱ्या, देवळातल्या समयांच्या चोऱ्या, सगळं त्यांनी बघितलं होतं. माणसाचा आवाज चोरीला गेल्याची फिर्याद त्यांनी आजवर लिहून घेतली नव्हती.

२

ऋत्विक समर्थचा शाळेपासूनचा दोस्त. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. निरोप मिळाल्याबरोबर तो मांडवीला आला, चप्पल काढता काढताच म्हणाला, "चुकून डिलीट झालं असेल, आप्पा. काढतो मी."

पण पडद्यासमोर बसल्यावर त्याचा चेहरा बदलला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मागे सरकून बसला.

"हे डिलीट झालेलं नाही."

"मग काय झालंय?"

"डिलीट केलं असतं तर तेवढंच गेलं असतं. इथे सगळंच मागे गेलंय. प्रिंटर मी नंतर जोडला होता, तो नाही. काकींनी पंचांग घालून घेतलं होतं, ते नाही. मी एसएसडी बसवायला आलो होतो ना, बरोब्बर त्या दिवशी जसा होता तसा आहे हा कॉम्प्युटर. त्यानंतरचं काही याला ठाऊकच नाही."

"मला समजेल असं सांग."

ऋत्विकने टेबलावरची दोन कागदी खोकी शेजारी शेजारी ठेवली. "समर्थने पाठवला तेव्हा यात जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क होती. आत तबकडी फिरते, म्हणून सावकाश चालते. नवीन मशीन असून काकी वैतागल्या. मग मी एसएसडी आणली. तिच्यात फिरणारं काही नसतं, ती झटकन चालते. हार्ड डिस्कवरची सगळी सिस्टीम मी एसएसडीवर उतरवली. जशीच्या तशी, शब्दाला शब्द."

"जुळी भावंडं."

"हो, पण जन्मापुरतीच जुळी. नंतर तुम्ही जिच्यावर काम कराल ती वाढते. दुसरी आहे तिथेच राहते."

बोलता बोलता त्याने कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, मोबाईलचा उजेड आत मारला, आणि बोलायचा थांबला. आत एक वायर सुटी लोंबत होती. तिच्या टोकाला काही नव्हतं.

"हार्ड डिस्क नाहीय," तो म्हणाला.

"ती तू नेली नव्हतीस?"

"नाही. गिऱ्हाईकाला धास्ती असते, म्हणून आम्ही जुनी डिस्क काही दिवस आतच राहू देतो." तो खाली मान घालून म्हणाला, "आप्पा, एक चूक झालीय माझ्या हातून. सिस्टीम उतरवून झाली की मशीनला सांगावं लागतं, यापुढे नवीनवरून सुरू हो. त्या दिवशी नेमकी लाईट गेली. काकी म्हणाल्या, पान वाढलंय, जेवून घे. जेवून आलो, लाईट आली, बटण दाबलं तर सगळं जिथल्या तिथे दिसलं. मला वाटलं, झालं काम. पण दोन्ही सारख्याच असल्यावर नुसतं बघून काय कळणार? ते मशीन जुन्या डिस्कवरूनच चालत राहिलं."

"म्हणजे दर्शना बोलत होती ते..."

"सगळं जुन्या डिस्कवर. एसएसडी नुसती आत पडून होती. आणि कोणीतरी जुनी काढल्यावर मशीन एसएसडीवरून उठलं. तिला आठवतंय ते त्या दिवसापर्यंतचंच."

"आपोआप निघते ती?"

"चार स्क्रूंवर बसलेली असते, आप्पा. कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसून काढलीय." मग चुळबुळत म्हणाला, "माझ्याकडे असं बघू नका."

"मी सगळ्यांकडेच असं बघतो. जुनी खोड आहे. डिस्क मिळाली तर आवाज मिळेल?"

"हातात येऊ दे फक्त. पुसून टाकलं असलं तरी काढीन. त्या दिवशी जेवताना सांगितलं होतं की मी सगळ्यांना. डिलीट केलेलं माझ्यापासून लपत नाही, डिस्कच नाहीशी केली तर गोष्ट वेगळी."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

ऋत्विकने आठवून सांगितलं. "समर्थ होता, तेजू होती. काकी होत्या. आणि हौसा वाढत होती."

दर्शना गेली. उरलेले तिघे तेरा दिवस याच घरात होते.

३

आप्पांनी हौसापासून सुरुवात केली. ती घरकामाला होती, दर्शनाच्या आजारपणात तिचं सगळं हौसानेच केलं होतं. ती मागच्या पडवीत समया घासत बसली होती. डिस्कचं कळल्यावर तिचा हात थांबला.

"म्हंजे माझ्यावर आळ?"

"आळ नाय गो. विचारतोय."

"त्या पेटीला मी फडकंसुदीक मारीत नाय. शॉक बसंल म्हणून. वहिनीच हसायच्या मला."

"ऋत्विकने ते नवीन बसवल्यावर पेटी लवकर उघडायला लागली का?"

"कसली लवकर. वहिनी बटण दाबायच्या आणि मला हाक मारायच्या. हौसा, चहा टाक, ही जागी हुईस्तवर पिऊन हुतो. शेवटच्या दिसापर्यंत त्येच. आणि आतनं कुरकुर, कुरकुर. जात्यावर दळण घातल्यावानी."

आप्पांना आता कळलं, सकाळी चुकल्यासारखं काय वाटलं ते. पडदा चष्म्याच्या आधी तयार होता, आणि आतून कसलाही आवाज आला नव्हता.

"तेरा दिवसांत त्या खोलीत कोण कोण गेलं?"

"दिवा हुता तिथं. कोण जातंय? तेल घालायला मी, नायतर तेजूताय. दहाव्याला तर दारच ओढलेलं. पीठ पसरलं हुतं ना." हौसाने पदर डोळ्यांना लावला. "आप्पानु, येवढं बाकी बरं झालं बघा. बाय पाखरू झाली."

शिवलकरांच्या घरातली ती रीत होती. दहाव्याला पुरुष खाडीवर गेले की दिव्याभोवती तांदळाचं पीठ पसरायचं आणि दार ओढून घ्यायचं. ते परत येईपर्यंत आत कोणी पाऊल टाकायचं नाही. आल्यावर सगळ्यांनी मिळून पीठ बघायचं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला त्याचं पाऊल त्यात दिसतं म्हणतात. त्या दिवशी पिठात तीन बारीक रेघा उमटल्या होत्या, एका ठिकाणी येऊन मिळालेल्या. 'चिमणी,' असं हौसाच आधी म्हणाली. बायका रडल्या, पण ते रडणं मोकळं होतं. असल्या गोष्टींवर आप्पांचा कधी विश्वास नव्हता. तरी मागीलदारी जाऊन त्यांनी पंच्यात तोंड खुपसलं होतं.

समर्थ पुढच्या पडवीत बसला होता. डोक्यावर नुकतेच कुठे केस दिसायला लागले होते. आप्पा त्याच्यासमोर बसले आणि विषयाला हात घातला.

"आईशी तुझं वाजलं होतं."

"हो. मुंबईला चल म्हटलं तर ऐकेना. मी रागाने बोललो, मरायचंच असेल तर मर इथे." समर्थ जमिनीकडे बघत होता. "तिने ते पेटीत बोलून ठेवलं असणार. मला वाटलंच होतं."

"म्हणून डिस्क काढलीस?"

"आप्पा, मी सुट्टी वाढवलीय ती कशासाठी? तिचं ऐकायलाच थांबलोय ना. शिव्या दिल्या असतील तर त्याही ऐकायच्यात मला. समोर असताना कुठे ऐकल्या?"

"नवीन डिस्क बसवल्यावर फरक पडला असं आई म्हणाली होती तुला?"

"फरक? फोनवर ऋत्विकचा उद्धार करायची. विचार तुझ्या मित्राला, म्हणायची, मी मरायच्या आधी उघडेल का हे." तो हसला, आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं.

आप्पा उठून पुन्हा दर्शनाच्या खोलीत आले. उघडा डबा तसाच होता. ऋत्विकने त्यातले दोन सुटे स्क्रू काढून टेबलावर ठेवले होते. डब्याच्या पायाशीच, फरशीवर, दिव्याच्या तेलाचा डाग होता. आप्पा त्या डागाकडे बराच वेळ बघत राहिले. मग स्वयंपाकघरातून एका ताटलीत तांदळाचं पीठ घेऊन आले. ताटली त्यांनी डागावर ठेवली, टेबलाच्या उंचीवरून एक स्क्रू पिठात सोडला, आणि अंगठा व दोन बोटांच्या चिमटीने तो हलकेच उचलला.

पिठात पाखराचं पाऊल उमटलं होतं.

४

ताटलीतलं पीठ त्यांनी स्वतःच मोरीत ओतलं. हौसाला ते दिसू नये असं त्यांना वाटलं.

आता हिशेब सोपा होता आणि तेवढाच वाईट होता. डिस्क काढली ती दहाव्याला, पीठ पसरल्यानंतर आणि दार उघडण्याआधी. त्या वेळात आप्पा खाडीवर होते. समर्थ न्हाव्यापुढे बसला होता. ऋत्विक पिंडाची पत्रावळ धरून उभा होता. कावळा शिवायला तयार नव्हता, म्हणून सगळ्यांचाच खोळंबा झाला होता. तिघेही एकमेकांच्या नजरेसमोर होते.

घरी बायका होत्या. शेजारच्या चिमाला आप्पांनी कुंपणावरून विचारलं, सहज विचारल्यासारखं.

"हौसा? ती माझ्याबरोबर वडे थापत होती की. चुलीपुढून हलली नाही. तेजूने थोडं लाटून दिलं, मग डोकं चढलं म्हणून आत जाऊन पडली. पोरगी केवढी रडली हो. का, काय झालं?"

"काही नाही," आप्पा म्हणाले.

तेजस्वी त्यांची धाकटी. उन्हाळ्यात लग्न होऊन सावर्ड्याला गेली होती, तिथल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सासरी परतली होती. चिमाशी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी आप्पांनी सावर्ड्याची एसटी पकडली. गाडी घाट चढत होती तेव्हा त्यांना वाटत होतं, आपलं काहीतरी चुकलेलं असावं. नोकरीत असताना तपास बरोबर निघावा म्हणून ते देवाला नारळ बोलायचे. आज उलटं मागणं होतं.

सासरी तेजूने वाकून नमस्कार केला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. सासूबाई चहा घेऊन आल्या, समोर बसल्या, दर्शनाबद्दल दोन चांगले शब्द बोलल्या. मग अवघडलेपण घालवायला म्हणाल्या, "तुमचं कसं चालतं हो एकट्याचं आता? घरात कॉम्प्युटर आहे म्हणे, त्यात जरा जीव रमवा."

"आहे. रखडतो जरा," आप्पा म्हणाले.

"आमचाही तसाच. बटण दाबून देवपूजा करून यावं."

"आई, एसएसडी टाकून घेऊया म्हटलं ना मी," तेजू म्हणाली. "आमच्या मांडवीचा बघा. तोही आधी असाच होता. आता बटण दाबलं की समोर."

आप्पांनी कप खाली ठेवला.

"चल," ते म्हणाले, "स्टँडपर्यंत सोड मला."

५

स्टँडच्या कोपऱ्यात एक सिमेंटचा बाक होता. हायवेवरून ट्रक जात होते. दोघं शेजारी शेजारी बसले.

"आईच्या खोलीत शेवटची कधी गेलीस तू?"

"दिव्यात तेल घालायला जायचे. का?"

"कॉम्प्युटर लावला होतास?"

"आई गेल्यापासून हात नाही लावला त्याला."

"त्याच्या आधी तो कसा उघडायचा?"

तेजू त्यांच्याकडे बघत राहिली. "आप्पा, तुम्ही जबानी घेताय माझी?"

"हो."

मग आप्पा बोलले, सावकाश, एखाद्या परक्याला सांगावं तसं. "ऋत्विकच्या हातून चूक झाली होती. तुझी आई असेपर्यंत तो कॉम्प्युटर कधीही लवकर उघडला नाही. हौसा तेच सांगते, समर्थ तेच सांगतो. तो लवकर उघडायला लागला ते जुनी डिस्क काढल्यावर. त्यानंतर मी बटण दाबलं ते तेराव्यानंतर, आणि तेव्हा तू इथे होतीस. माझ्या आधी ज्याने बटण दाबलं त्यालाच ते ठाऊक असणार. आणि दहाव्याला दार बंद असताना खोलीत कोणीतरी होतं. त्याच्या हातून एक स्क्रू पिठात पडला."

तेजूने आपला उजवा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"मला वाटलं मशीन बंदच पडेल," ती म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. "पडद्यावर नेहमी जुनीच डिस्क दिसायची. वाटलं, ऋत्विकची नवीन चालतच नाहीय. जुनी काढली की सगळं बंद पडेल आणि खापर त्याच्या कामावर फुटेल. नक्की करावं म्हणून बटण दाबलं, तर झटक्यात उठलं. भीती वाटली मला."

"डिस्क कुठे आहे?"

"त्याच संध्याकाळी फिरून येते म्हणून गेले ना. मांडवीच्या धक्क्यावर. आधी दगडाने ठेचली. मग टाकली समुद्रात."

आप्पांनी डोळे मिटले. सावर्ड्याला येताना त्यांना एकच आशा होती, की डिस्क हिच्या कपाटात असेल. हिने ती कुठेतरी साडीच्या घडीत ठेवली असेल.

"का?" त्यांनी विचारलं.

"आईची पहिली तपासणी मी करून घेतली होती ना. रत्नागिरीत. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. लग्न तोंडावर होतं. कॅन्सर म्हटल्यावर सोयरीक राहिली असती का? मी आईला सांगितलं, साधी गाठ आहे, गोळ्या दिल्यात. मनात म्हटलं, लग्न उरकलं की लगेच सांगू. लग्न झालं. मग वाटलं, नवी सून घरात आली आणि माहेरी असं निघालं, तर म्हणतील पायगुण. जरा दिवस जाऊ देत. आणखी जरा. मग तिचा आवाजच बसला."

ट्रकचा आवाज संपेपर्यंत ती थांबली. "ऑपरेशनच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. मी फोन दिला. त्यांनी तारीख मोठ्याने वाचली. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात. आईने माझ्याकडे बघितलं. तिथे काही बोलली नाही. नंतरही माझ्याशी कधी बोलली नाही त्याबद्दल."

"पेटीत बोलली."

"हो."

आप्पांना आठवलं, लग्नात दर्शना सारखी पाणी पीत होती. पोरीला निरोप देताना घसा दाटला म्हणून सगळे तिला हसले होते. आप्पाही हसले होते.

"तू ऐकलंस ते?"

"सगळं ऐकलं. फाईली नीट लावून ठेव, असं तिनेच मला सांगितलं होतं. मी ऐकणार हे माहीत असून तिने ते त्यात ठेवलं. तुमच्यासाठी. तुम्ही माझं तोंड बघणार नाही, असं वाटलं मला. आई गेली, निदान बाप राहू दे म्हणून..." पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

बाजारातून आलेल्या बायका पिशव्या सांभाळत शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांची गाडी आली, त्या चढून गेल्या.

"सांग आता," आप्पा म्हणाले.

"काय?"

"ती काय काय म्हणाली ते. पहिल्यापासून."

"आप्पा, नको."

"तिचं बोलणं आता दोनच ठिकाणी आहे. समुद्रात आणि तुझ्याजवळ. समुद्राला मी विचारू शकत नाही."

"त्यातलं माझ्याबद्दलचं..."

"तिथूनच सुरू कर."

तेजूने पदराने तोंड पुसलं. मग रस्त्याकडे बघत बोलायला लागली. "अहो, अशी सुरुवात केली तिने. अहो, तुमच्या लेकीने माझा रिपोर्ट लपवला. लग्नासाठी. मला विचारलं असतं तर मीच म्हटलं असतं, आधी लग्न होऊन जाऊ दे, माझं मागून बघू. पण तिने विचारलं नाही. माझ्या जिवाचं तिने एकटीने ठरवलं. मी खूप प्रयत्न केला विसरायचा. ती येते, पाय चेपते, आणि मला तिचा हात अंगाला नको वाटतो. आई असून असं वाटतं, याचीच लाज वाटते. पण वाटतं ते खरं आहे, म्हणून तुम्हाला सांगते. मी तिला माफ केलं, असं कोणाला सांगू नका. मी केलेलं नाही."

ती थांबली. ती रडत नव्हती.

आप्पांनी आयुष्यभर जबान्या ऐकल्या होत्या. खुनी असो की भुरटा चोर, प्रत्येक जण बोलता बोलता आपल्या बाजूचा एक शब्द तरी हळूच सरकवून देतो. मेलेल्या माणसाच्या तोंडी घालणं तर सगळ्यात सोपं, कारण विचारायला जाणार कुठे? तेजूला खोटंच सांगायचं असतं, तर तिने आईच्या तोंडी माफी घातली असती. आप्पांनीही ती मुकाट्याने घेतली असती, आणि मग त्यातला कुठलाच शब्द त्यांना मरेपर्यंत खरा वाटला नसता. तिने एक शब्दही घातला नव्हता.

म्हणजे हे दर्शनाचंच बोलणं होतं. तिचाच तिखटपणा, तिचंच न लपवणं. आवाज नव्हता. बोलणं होतं.

मुलीबद्दल त्यांना काय वाटत होतं ते त्यांना अजून कळत नव्हतं. राग होताच. तो जाईल असं वाटत नव्हतं. हातही तिच्या पाठीवर जात नव्हता. पण उठून जावं असंही वाटत नव्हतं, कारण दर्शनाचं राहिलेलं सगळं या मुलीजवळ होतं आणि ते एका दिवसात संपणारं नव्हतं.

रत्नागिरीची एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "चढताय ना, आजोबा?"

आप्पांनी हाताने खूण केली, जा म्हणून. गाडी निघून गेली. धूळ बसेपर्यंत ते थांबले.

"पुढे काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.